शांतता कोणाला विचारून?

मनात एक डोंगर उभा करा. गडचिरोली जिल्ह्यातला, एटापल्लीच्या पलीकडचा सूरजागड. तुम्ही तो पाहिला नसला तरी चालेल. साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबूच्या रानातून वर चढत गेलेली डोंगररांग, पायथ्याशी हेडरी आणि आसपासची माडिया गोंडांची गावे, पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज. वर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीच्या सुरुवातीला तिथे यात्रा भरते. सूरजागड इलाक्यातल्या गावांचे लोक येतात, छत्तीसगडच्या बाजूचेही येतात. पूजा होते, आणि पूजेनंतर माणसे तिथेच बसून आपल्या जंगलाचे, जमिनीचे बोलतात.

हे वाचन सावकाश करावे, अशी विनंती आहे. मधे मधे मी थांबायला सांगेन, तेव्हा खरेच थांबा. पहिले थांबणे इथेच. या डोंगराचे नाव ऐकताच तुमच्या मनात आधी काय आले? लोखंड, देव, जंगल, की बातम्यांमधली चकमक? जे आले असेल ते असू द्या. ते कुठून आले एवढे पाहा. आपल्यापैकी बहुतेकांनी हा डोंगर दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांनीच पाहिलेला आहे.

बाहेरच्यांना या मुलखातले लोखंड दिसू लागले त्यालाही आता बराच काळ झाला. 1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल निघाला. तो वाचून जमशेटजी टाटांनी लोहाऱ्याच्या खनिजाचे नमुने तपासायला जर्मनीला नेले. वरोऱ्याच्या कोळशाशी त्याचा मेळ बसला नाही आणि पोलादाचा कारखाना पुढे दुसरीकडे उभा राहिला. त्याच्या कितीतरी आधीपासून या भागातले कारागीर मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत होते, कुऱ्हाडी आणि बाणांची टोके घडवत होते. डोंगर त्यांनाही देत होता. तेवढ्याने त्याचा आकार बदलत नव्हता.

आता या डोंगरापासून फार लांब आणि दोन हजार वर्षे मागे चला.

रोम, इ.स.पू. 9. ऑगस्टस सम्राटाच्या शांततेसाठी तिथे एक संगमरवरी वेदी अर्पण झाली. स्पेन आणि गॉल या प्रांतांची घडी बसवून सम्राट परतला, म्हणून चार वर्षे आधी सीनेटने ती बांधायचे ठरवले होते. वेदीच्या भिंतींवर वेली, फळे आणि मांडीवर दोन बाळे घेतलेली एक माता कोरलेली आहे. त्याच शहरात जेनस देवाचे एक ठाणे होते. युद्ध चालू असेपर्यंत त्याची दारे उघडी ठेवायची आणि सगळीकडे शांतता झाली की लावायची, अशी रीत. ऑगस्टसच्या कारकिर्दीत ती तीनदा लावली गेली आणि स्वतःच्या कार्याच्या लेखात त्याने ते अभिमानाने नोंदवले. ज्या स्पेनची घडी बसली म्हणून वेदी उभी राहिली, त्याच्या वायव्य कोपऱ्यातल्या अस्तुरिया आणि कांताब्रियाच्या डोंगरी लोकांशी रोमचे युद्ध इ.स.पू. 26 पासून 19 पर्यंत चालले होते.

हे ऐकून लगेच सगळे ढोंग होते असे ठरवू नका. तो सोपा रस्ता आहे आणि तो आपल्याला चुकीच्या जागी नेतो. रोमने आणलेली शांतता खरी होती. समुद्रावर चाचेगिरी कमी झाली. पक्क्या रस्त्यांचे, पुलांचे, शहरांना पाणी पुरवणाऱ्या उंच कमानींचे जाळे तयार झाले. ज्या गॉलमध्ये सीझरच्या स्वाऱ्यांत गावेच्या गावे संपली, तिथल्या एखाद्या शेतकऱ्याचा पणतू सैन्याची धूळ न पाहता म्हातारा झाला असेल. त्याच्या आईसाठी ही लहान गोष्ट नव्हती.

ही आई मनात ठेवा आणि तिच्या शेजारी दुसरी एक बाई आणा. छत्तीसगडच्या सीमेलगतच्या एका टोल्यावरची. पावसाळा आहे, नाले भरले आहेत, आणि तिला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या आहेत. खाटेला दोर बांधून, खांद्यावर घेऊन चार माणसे तिला दवाखान्याकडे नेत आहेत. असे या जिल्ह्यात वर्षानुवर्षे होत आले आहे. 1 जानेवारी 2025 रोजी अहेरी ते गर्देवाडा ही एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर प्रथमच त्या रस्त्यावर बस धावली. रस्त्याचे मोल जो नाकारतो, त्याने ती खाट कधी खांद्यावर घेतलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण बसच्या आधी तिथे काय आले, तेही पाहायला हवे. रोमन सैन्य परमुलखात शिरले की रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागी खंदक आणि तटबंदीची अख्खी छावणी उभारत असे. जिथे काल रान होते तिथे आज चौकोनी आखणीचे ठाणे. नोव्हेंबर 2023 मध्ये वांगेतुरीला आणि जानेवारी 2024 मध्ये गर्देवाड्याला पोलीस मदत केंद्रे अशीच एकेका दिवसात उभी राहिली. शेकडो जवान, यंत्रे, साहित्य रानातून नेले गेले. मग रस्ता पुरा झाला, मग बस आली. मी पोलिसांना रोमन सैनिक म्हणत नाही. त्यातले कितीतरी याच जिल्ह्यातल्या गोंड-माडिया घरांतले तरुण आहेत आणि त्यांच्यातले अनेक या रानात मेले आहेत. मी क्रमाकडे लक्ष वेधतो आहे. गावाने बस किती वर्षे मागितली होती आणि ती कशाच्या पाठोपाठ आली, हे दोन्ही एकत्र मनात धरा. एकाने दुसऱ्याला पुसून टाकायची घाई करू नका.

थोडा वेळ तसेच बसा.

अस्तुरिया जिंकल्यावर रोमने तिथे काय केले? उत्तर स्पेनमध्ये लास मेदुलास नावाची जागा आहे. 1997 मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. तिथल्या मातीत सोने कणाकणाने मिसळलेले होते. रोमन अभियंत्यांनी लांबच्या डोंगरांतून कालवे काढून पाणी माथ्यावर साठवले, डोंगराच्या पोटात बोगदे खणले, आणि मग पाणी एकदम सोडून डोंगरच्या डोंगर खाली आणले. थोरल्या प्लिनीने ही रीत तपशिलाने लिहून ठेवली आहे. अंगमेहनत कोणाची? तिथे वर्षानुवर्षे काम करणाऱ्या पुरातत्त्वज्ञांचे म्हणणे असे की ती मुख्यतः आसपासच्या वस्त्यांमधल्या लोकांची होती. कर म्हणून त्यांनी मजुरी भरायची. ज्यांचा डोंगर, त्यांनीच तो पाडून द्यायचा. आज तिथे तांबूस कडे उभे आहेत, मधल्या जागेत चेस्टनटची झाडे वाढली आहेत आणि पर्यटक छायाचित्रे काढतात.

या कथेतला दुसरा एक दस्तऐवज मला याहून जास्त विचारात पाडतो. पोर्तुगालमध्ये आल्जुस्ट्रेल नावाचे गाव आहे. रोमन काळात त्याचे नाव विपास्का, आणि तिथे तांब्या-रुप्याच्या खाणी होत्या. 1876 आणि 1906 मध्ये तिथे ब्राँझचे दोन कोरीव पत्रे सापडले. त्यांवर हेड्रियन सम्राटाच्या काळातले, खाणीच्या वस्तीचे नियम आहेत. स्नानगृह चालवणाऱ्याने रोज पाणी तापवायचे. पहाटेपासून दिवसाच्या सातव्या तासापर्यंत बायकांची वेळ, नंतर रात्रीच्या दुसऱ्या तासापर्यंत पुरुषांची. बायकांनी एक आस नाणे द्यायचे, पुरुषांनी अर्धे. मुलांना आणि सैनिकांना फुकट. न्हाव्याचा मक्ता कोणाकडे, चांभाराचा कोणाकडे, हेही ठरलेले. आणि मुलांना शिकवणाऱ्या मास्तरांना करमाफी.

मास्तरांना करमाफी देणारी ही व्यवस्था मला क्रूर वाटत नाही. कोणीतरी बसून, लहानसहान गरजांचा विचार करून हे नियम केले आहेत. पाणी कोमट असावे याची काळजी घेतली आहे. पत्र्यांवर एकच प्रश्न कुठे येत नाही: ही खाण इथे असावी का, आणि ते कोणी ठरवायचे. तो प्रश्न फार आधी, फार दूर निकालात निघाला होता. त्यानंतरच्या बारीक गोष्टी मात्र उदार मनाने ठरवल्या गेल्या. टॅसिटस हा रोमचाच, राज्यकर्त्या वर्गातला इतिहासकार. त्याचा सासरा ऍग्रिकोला ब्रिटनचा सुभेदार होता. त्याने ब्रिटनमधल्या स्थानिक पुढाऱ्यांविषयी लिहिले आहे, की ते रोमन पेहराव, स्नानगृहे आणि मेजवान्या यांत रमले आणि त्याला सुधारणा समजू लागले, पण त्याच्या मते तो त्यांच्या पारतंत्र्याचाच भाग होता. जिंकणाऱ्याच्या घरातल्या माणसाने हे लिहिले, म्हणून ते मला मोलाचे वाटते.

आता सूरजागडला परत या. 2007 मध्ये लॉइड्स मेटल्स या कंपनीला इथे 348.09 हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. बरीच वर्षे काम चालू-बंद होत राहिले. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी खनिज वाहणारी डझनावारी वाहने एका दिवसात जाळली. 2021 पासून खोदकाम सलग सुरू झाले आणि 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांपर्यंत जाण्याची परवानगी मिळाली. चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. हेडरीला दवाखाना आला, शाळा आली, गावातल्या पोरांना आणि पोरींनाही पगाराची कामे मिळाली, कामगारांना कंपनीचे समभाग दिले गेले. पायथ्याच्या शेतकऱ्यांनी लाल गाळ धानाच्या बांधीत येतो अशा तक्रारी केल्या. आलापल्ली-आष्टी रस्त्याच्या कडेची पाने धुळीने लाल झाली, अपघातांनी लोक रस्त्यावर उतरले. ग्रीनलंडच्या बर्फाच्या थरांत रोमन काळातल्या खाणी आणि भट्ट्यांचे शिसे सापडते. साम्राज्यात स्थैर्य होते तेव्हा ते जास्त, अंदाधुंदी होती तेव्हा कमी. सुबत्तेची धूळ किती लांब जाते याची ती नोंद आहे.

दवाखाना एका तळहातावर ठेवा, डोंगर दुसऱ्या. तराजू करू नका. दवाखान्याने डोंगराची किंमत चुकती होते का, हा हिशेब तुम्ही किंवा मी करायचा नाही. तो करण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच मनात घोळू द्या.

पुढचे सर्वांत अवघड आहे. इथे जरा जास्त वेळ घालवू.

या मुलखावर गोंड राजांचे राज्य होते. 1751 मध्ये रघुजी भोसल्यांनी चांद्याचा शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा याला दूर करून राज्य नागपूरला जोडले. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारसाविना वारले आणि कंपनी सरकारने नागपूर खालसा केले. चांदा इंग्रजांकडे गेला. रानातल्या जमीनदाऱ्या राहिल्या. मोलमपल्ली, अडपल्ली, घोट, आणि सर्वांत मोठी अहेरी. सूरजागडचे रानही याच अहेरीच्या टापूतले.

मोलमपल्लीच्या जमीनदार घरातले बाबूराव शेडमाके 1857 च्या सप्टेंबरात उठले, तेव्हा चोवीस वर्षांचे होते. गोंड, माडिया, रोहिले असे शेकडो लोक त्यांनी जमवले आणि राजगड घेतला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. 1858 च्या एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिचटन याने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला. बाबूराव हाती लागले नाहीत तर जमीनदारी जाईल, हा त्याचा अर्थ होता. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबूरावांना धरले आणि इंग्रजांच्या हवाली केले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. व्यंकटरावांची अडपल्ली-घोटची जमीनदारी, 67 गावे, लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून मिळाली.

इ.स. 51 मध्ये ब्रिटनमध्ये जवळजवळ हेच घडले होते. कॅराटकस नावाचा सरदार रोमन सैन्याशी आठ-नऊ वर्षे डोंगरांतून झुंजत होता. पराभव झाला तेव्हा तो उत्तरेला ब्रिगँटीस जमातीच्या राणीकडे, कार्टिमांडुआकडे आश्रयाला गेला. ती रोमची मांडलिक होती. तिने त्याला बेड्या घालून रोमनांकडे दिले आणि त्यातून तिची भरभराट झाली. कॅराटकसला रोमच्या रस्त्यांवर मिरवले. क्लॉडियस सम्राटाने त्याला आणि त्याच्या कुटुंबाला जीवदान दिले. दिओ या इतिहासकाराच्या ग्रंथात अशी आठवण आहे की सुटल्यावर तो रोम शहर हिंडला आणि त्याला नवल वाटले: एवढे वैभव असणाऱ्यांना आमच्या झोपड्या कशाला हव्या झाल्या?

कॅराटकसला मिळालेली क्षमा बाबूरावांच्या वाट्याला आली नाही. पंचवीस वर्षांच्या माणसाला फासावर देणारे राज्य आपल्या सुधारणेविषयी काय बोलत होते, ते आठवा आणि पुढे चला, कारण इथे बाबूरावांपाशी राहणे आपल्याला सोपे जाते. त्यांचे पुतळे आहेत, त्यांची जयंती होते, आपण सगळे मनाने त्यांच्या बाजूला उभे राहतो. मी तुम्हाला लक्ष्मीबाईंच्या जागी उभे राहायला सांगतो आहे.

तुमच्याकडे शेकडो गावे आहेत. तुम्ही बाई आहात, जहागिरीची धनीण आहात, दारात गोऱ्या अधिकाऱ्याचे पत्र आहे. तुमच्याच नात्यागोत्याचा, तुमच्याच रानातला तरुण तुम्ही दिला नाही तर पलटण येईल, गावे जळतील, गादी जाईल. दिला तर शांतता राहील. हे ठरवायला चार दिवस आहेत. काय कराल?

उत्तर देऊ नका. त्या चार दिवसांत राहा.

लक्ष्मीबाईंना मी माफ करत नाही आणि दोषही देत नाही. साम्राज्याची शांतता माणसांपुढे जे पर्याय ठेवते, ते असेच असतात. ती आपल्याच माणसाला आपल्या हातून देववते, आणि नंतर इतिहासात देणाऱ्याचे नाव राहते, मागणाऱ्याचे पुसट होते. कार्टिमांडुआला इ.स. 69 मध्ये तिच्याच लोकांनी हाकलले आणि पुढच्या काही वर्षांत रोमने तिचा मुलूख सरळ ताब्यात घेतला. अहेरीची जमीनदारी मात्र 1951 पर्यंत टिकली.

बंड शमल्यावर कागद आले. 1865 आणि 1878 चे जंगल कायदे, मग 1927 चा. कुऱ्हाड कुठे चालवायची, ढोर कुठे चारायचे, पेंडा म्हणजे फिरती शेती कुठे करायची, हे आता रखवालदार सांगू लागला. ऱ्हाईनच्या पलीकडच्या फ्रिसी लोकांवर रोमने बैलांच्या कातड्यांचा कर बसवला होता. गरीब लोक, म्हणून हलका कर. पुढे ओलेनियस नावाचा एक अधिकारी आला आणि त्याने रानटी गव्याच्या कातड्याएवढे माप मागितले. फ्रिसींची गुरे लहान. त्यांनी आधी गुरे दिली, मग जमिनी, मग बायका-पोरे गुलामीत दिली, आणि इ.स. 28 मध्ये ते उठले. कर तोच होता, माप बदलले होते. गडचिरोलीच्या म्हाताऱ्यांना वेठबिगार आणि नाक्यावरची कोंबडी, मोहाची दारू, फुकटची पाटी-टोपली आठवते. मोठ्या अन्यायापेक्षा हे रोजचे माप माणसाला जास्त लागते.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्ही वाचली आहेत. 1980 च्या सुमारास तेलंगणातून नक्षलवाद्यांचे दलम आले. गावांनी त्यांना दादालोक म्हटले. तेंदूपत्त्याची मजुरी वाढली, नाक्यावरची कोंबडी बंद झाली, आणि मग खबऱ्या ठरवून गावातल्याच माणसांचे गळे कापले जाऊ लागले. 1990 मध्ये पोलिसांचे सी-60 पथक निघाले. दिवसा एक बंदूक, रात्री दुसरी. कोणाला भाकर दिली याचा जबाब दोघांना द्यायचा. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या ज्येष्ठ माओवादी नेत्याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. ज्या घरांत रात्रीचे दार वाजले की छातीत धस्स होत असे, त्या घरांसाठी हे फार मोठे आहे. त्याबद्दल मनात कोणतीही खळखळ ठेवू नका. निर्मळ आनंद होऊ द्या.

आणि मग विचारा: आता बंदूक शांत झाली आहे, तर बोलणार कोण?

इ.स. 60 मध्ये रोमन सुभेदार सुएटोनियस पॉलिनसने मोना बेटावर स्वारी केली. ते आजचे अँगलसी. तिथे ब्रिटनच्या लोकांच्या देवराया होत्या. बेट जिंकल्यावर त्या तोडल्या गेल्या. प्रतिकाराचे मूळ तिथे आहे, असे रोमनांना वाटत होते. त्याच वेळी पूर्वेला इसेनी जमातीची राणी बूडिका उठली. तिच्या नवऱ्याने मृत्युपत्रात मुलींबरोबर सम्राटालाही राज्याचा वारस केले होते, म्हणजे मुलींचा वाटा त्यांना सुखाने मिळेल. अधिकाऱ्यांनी सगळेच घेतले, तिला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. मांडलिकाचा करार किती दिवस चालतो, हे ठरवणारा मांडलिक कधीच नसतो.

ठाकूरदेवाच्या वाटेचा विचार इथे माझ्या मनातून जात नाही. देव हलवता येतो, असे शहरातला माणूस सहज म्हणतो. धरणाखालची देवळे आपण हलवली आहेत. पण पेन, म्हणजे गोंडांचा देव, जिथे बसला तो डोंगरच देव असेल, तर हलवायचे काय?

रोमशी असलेले आपले सगळे साम्य मी आतापर्यंत दाखवले. आता जो फरक आहे तो पाहा, कारण या मननात मला जे सांगायचे आहे ते या फरकाविषयी आहे.

इ.स. 212 मध्ये कॅराकॅला सम्राटाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना रोमचे नागरिक केले. कर जास्त मिळावा म्हणून त्याने हे केले, असे दिओने लिहिले. हेतू काहीही असो, त्या नागरिकाला मत नव्हते. रोममधल्या जनसभाही तोपर्यंत नावापुरत्या उरल्या होत्या. अस्तुरियाच्या गावाला आपल्या डोंगराविषयी काही ठरवण्याचा हक्क त्या नागरिकत्वाने मिळाला नाही.

हेडरीच्या माडिया माणसाला तो हक्क कायद्याने आहे. तो 1950 पासून प्रजासत्ताकाचा नागरिक आहे. त्याचा मुलूख राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहे. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला तिच्या परंपरा आणि साधनसंपत्ती जपण्यास सक्षम मानले. 2006 च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा सामूहिक हक्क मान्य केला आणि तो देताना आजवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे संसदेने कायद्यातच लिहिले. जिंकलेल्यांना अशी कबुली रोमच्या कोणत्या सम्राटाने दिली?

हे कागदावरच राहिले, असेही म्हणता येणार नाही. याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 मध्ये गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. त्यात बंड नाही, कायद्याचा नेमका अर्थ आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. 18 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगरिया कोंधांच्या देवाचा आणि हक्कांचा प्रश्न तिथल्या ग्रामसभांपुढे न्या. बारा गावे बसली. बाराही गावांनी नाही म्हटले. खाण झाली नाही. भारताचे लोखंड किंवा ॲल्युमिनियम त्यामुळे संपले नाही.

सूरजागडच्या विस्ताराची पर्यावरण जनसुनावणी 27 ऑक्टोबर 2022 रोजी गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. डोंगरापासून शंभर किलोमीटरहून लांब. 2023 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या तोडगट्टा इथे लोक खाणींच्या विरोधात महिनोन्महिने बसले होते. नोव्हेंबरात ते आंदोलन पोलिसांनी उठवले.

शेवटचे थांबणे इथे. धानकापणीच्या दिवसांत, हातातले काम टाकून, खर्च करून, मराठीही नीट न येणारी एक म्हातारी, माणसांनी भरलेल्या त्या कार्यालयात आली आहे असे समजा. तिच्या बाजूला उभे राहा. ती काय म्हणेल हे आधी ठरवू नका. कदाचित ती खाण हवी म्हणेल, नातवाला नोकरी आहे म्हणून. कदाचित नको म्हणेल. तिचे म्हणणे तिच्या भाषेत कोणी लिहून घेत आहे का, एवढे पाहा.

मला खाण नको आहे की हवी आहे, हे या लेखात महत्त्वाचे नाही. पायथ्याच्या गावांना काय हवे ते महत्त्वाचे आहे, आणि ते अजून नीट विचारले गेलेले नाही, असे माझे मत आहे. दवाखाना, शाळा, बस, पगार हे सगळे त्यांना मिळायलाच हवे होते, डोंगर असो वा नसो. मूल ॲनिमियाने मरू नये यासाठी कोणा माडिया बापाने आधी आपला देव गहाण ठेवायचा, असे आपल्या राज्यघटनेत कुठे लिहिलेले नाही.

खाणपट्ट्याची मुदत 2057 पर्यंत आहे. विस्ताराचे आणखी प्रस्ताव येतील, शेजारच्या डोंगरांचे येतील, आणि बंदुका शांत झाल्यामुळे ते आता लवकर येतील. म्हणून प्रशासनाला, कंपन्यांना आणि त्यांचे पोलाद वापरणाऱ्या आपल्या सगळ्यांना एकच मागणे आहे. पुढची प्रत्येक सुनावणी डोंगराच्या पायथ्याशी घ्या. कागद महिनाभर आधी गावात द्या आणि ते माडिया भाषेत समजावून सांगा. पोलीस दूर उभे करा, ग्रामसभेला तिच्या रीतीने बसू द्या, आणि उत्तर नाही असे आले तर ते नाही म्हणूनच लिहून घ्या.